गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे

मंडळी, आजच्या सभेला खर्च किती आला, ते आधी सांगतो. हॉल सोसायटीचा, भाडं सेक्रेटरींनी घेतलं नाही. खुर्च्या गणपती मंडळाच्या. हार तुम्ही आपापले आणलेत, इतके आणलेत की फोटोतला माणूस दिसेना, म्हणून काही मीच काढून बाजूला ठेवले. चहा माझ्याकडून. म्हणजे पैशांत बघाल तर नुसता चहा.

पण हा हॉल भरायला रमाकांत धुरी नावाचा माणूस खर्ची पडला. मध्यंतरी याच हॉलमध्ये धुरीकाकांनी तुम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. खुर्च्या याच होत्या. त्यांनी स्वतः फडक्याने पुसल्या होत्या. आलो कोण? मी, काकी आणि वॉचमन. वॉचमनसुद्धा पंखे बंद करायला आला होता. काकांनी वाचायला सुरुवात केली, तसा तो बसला.

मला बोलणं जड जातंय. माझा धंदाच दुसऱ्याला बोलतं करण्याचा. अंधेरीत माझा डबिंगचा स्टुडिओ आहे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून खाली उतरलो तेव्हा स्टुडिओच्या त्याच गल्लीत मी वायरी गुंडाळायचो, आज काचेच्या आत बसतो. माणूस खोटं बोलायला लागला की आवाजात कुठे कळतं, ते मला शिकवायला कुणी लागलं नाही. मघापासून इथे चार भाषणं झाली. मी ऐकली. एवढंच म्हणतो.

धुरीकाकांचे विक्रोळीच्या कारखान्यातले दोस्त इथे आलेत. त्यांना हे पुस्तकांचं प्रकरण ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ‘तिमिरखाडी’ नावाची सहा पुस्तकं आहेत. लहान मुलांची म्हणून छापली, मोठ्यांनी पळवली. एक खाडी, तिच्यात कांदळवन, त्यात राहणारा एक राखणदार. राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा, कोपला तर गाव बुडवणारा. आणि भिवा नावाचा एक पोर. धुरीकाका लेथ मशीनवर काम करायचे आणि डब्याच्या पिशवीत ही पुस्तकं ठेवायचे. हे वाचक मंडळ त्यांनी काढलं. तुमच्यातल्या निम्म्यांना पहिलं पुस्तक त्यांनीच वाचायला दिलं. खोटं असेल तर आत्ता बोला.

नाही ना? मग पुढे जातो.

त्या पुस्तकांवर हिंदीत मालिका निघाली. मढच्या एका भाड्याच्या बंगल्यात तिमिरखाडी उभी केली. इथे लगेच दोन पार्ट्या. एक म्हणते, “अरे, निदान लोकांना नाव तरी कळेल!” दुसरी म्हणते, “नाव कळेल, पण कुणाचं? त्या हिरोचं!” कुणी म्हणालं, भिवा पुस्तकात काळा, हा दुधासारखा. कुणी म्हणालं, राजाच्या महालात मागे एसीची पेटी दिसते. मिलिंद, तू पुढे बसलायस म्हणून तुझं नाव घेतो, राग मानू नकोस. मानलास तरी चालेल. तू याच जागी उभा राहून म्हणाला होतास, “मी एकही एपिसोड बघितलेला नाही, तत्त्व म्हणून! आणि चौथ्यात तर त्यांनी पार वाट लावलीय!” आम्ही हसलो होतो. धुरीकाकाही हसले होते. भांडणात तोवर मजा होती.

मग मालिका डब होऊन मराठीत आली. आणि भिवा राखणदारासमोर उभा राहून म्हणाला, “माझी एक तक्रार आहे!”

हसा, हसा. हसण्यासारखंच आहे. एवढा थोरला राखणदार पाण्यातून वर आलाय, गाव थरथरतंय, आणि पोरगा म्हणतो, माझी एक तक्रार आहे. मग तलवार काढतो.

शेवटी नावांच्या पाटीत एक ओळ येते. भाषा सल्लागार, रमाकांत धुरी.

तिथून मजा संपली. काकांच्या फोटोवर ‘गद्दार’ लिहून तो मोबाईलवर फिरवला. स्वतः काढलेल्या ग्रुपमधून त्यांना काढलं. स्नेहलच्या, त्यांच्या मुलीच्या ऑफिसात कुणीतरी तो फोटो पाठवला, खाली तेच वाक्य, माझी एक तक्रार आहे. काका मंडळात आले की शेजारची खुर्ची रिकामी. परवा स्मशानातून परत येताना रिक्षात स्नेहलने मला विचारलं, “जगनकाका, ती ओळ बाबांनी लिहिली होती का?”

ऐकताय ना? बापाला अग्नी देऊन तास उलटला नव्हता आणि पोरीला हे विचारायची पाळी तुम्ही आणलीत. मी तिला म्हटलं, तुला एकटीला सांगणार नाही. सगळ्यांसमोर सांगेन.

नाही. स्नेहल, ती ओळ तुझ्या बाबांनी लिहिली नाही.

मराठी आवाज माझ्या स्टुडिओत भरले गेले, काका भाषा तपासायला यायचे. मी तिथे होतो. मूळ पुस्तकात काय आहे, तुम्हाला पाठ आहे. भिवा तलवार काढतच नाही. तो राखणदाराला गाऱ्हाणं घालतो. आता आम्हा कोकणातल्यांना हे सांगायला नको. देवळात गावचा मानकरी उभा राहतो, देवाशी मोठ्याने बोलतो, बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां इली हत, आणि दर वाक्याला सगळा गाव म्हणतो, व्हय म्हाराजा. आधी स्वतःची चूक सांगायची, ती पदरात घ्यायला लावायची, मग मागायचं काय ते मागायचं. हिंदी लिहिणाऱ्याने शब्दकोश उघडला. तिथे लिहिलेलं, गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. शब्दकोश खोटा नाही हो. पुस्तकी मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच. झालं! हिंदीत भिवा म्हणाला, मेरी एक शिकायत है. तिथून ते परत मराठीत आलं आणि आमच्या गाऱ्हाण्याचं ग्राहक मंच झालं.

पहिल्यांदा ते ऐकून काका माईकच्या खोलीतून बाहेर आले. “जगन, ह्यो पोरगो दर्यात उभो आसा की रेशनच्या हापिसात?”

फोन लावला. पलीकडे दिग्दर्शक. “अंकल, मतलब तो वही है ना? हमने डिक्शनरी में देखा है।” काका म्हणाले, “डिक्शनरी में देखा, अब मंदिर में देखो।” फोन ठेवला गेला. परत लावला. परत ठेवला. शेवटी काका म्हणाले, ओठ हलताना दिसतात तिथे तुमची तक्रार राहू दे, माझं डोकं फुटलं तरी ते बदलणार नाही. पण त्याच्या आधी भिवा पाण्याकडे चालत जातो. पाठमोरा. तोंड दिसत नाही. तिथे मला बोलू द्या.

बघा डोकं. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. कुठे वाव आहे ते त्याला दिसायचं.

त्या पाठमोऱ्या चालीवर आम्ही अख्खं गाऱ्हाणं भरलं. भिवाचा आवाज देणारा कलाकार नागपूरचा, काकांनी त्याच्याकडून ते दुपारभर घोटवून घेतलं. “जोर नको. तू देवाक दम देतस काय? मागतस मरे तू.” आणि गाव कुठून आणायचा? तर मी, माझा सगळा स्टाफ, समोरचा चहावाला आणि प्रॉडक्शनने पाठवलेली एक मुलगी. ती दिल्लीची. सगळे एका माईकभोवती उभे राहून, व्हय म्हाराजा! ती मुलगी नंतर काटा आलेला हात पुढे करून मला म्हणाली, “देखिए, रोंगटे!”

ते तयार होऊन वर गेलं. वरून निरोप आला, सीन संथ होतोय. गाऱ्हाणं काढलं, ढोल घातले. तक्रार राहिली. नाव राहिलं.

तुम्ही म्हणाल, जगन, ते रेकॉर्डिंग ऐकव. नाही. काम दिलं की आमच्याकडचं सगळं पुसून टाकायचं, असा करार असतो. मी पुसलं. पुरावा म्हणून माझ्याकडे काही नाही. मी ऐकलं, एवढंच आहे. ज्याला पटत नसेल त्याने मानू नये, पण मग आपला हारही काढून घरी न्यावा.

आता मला सांगा, त्या मालिकेत राखणदाराला राखणदार म्हणतात, हे तुमच्यातल्या किती जणांच्या लक्षात आलं? हिंदीत तो मॉन्स्टर आहे. मराठीतही मॉन्स्टरच येणार होता. दोन दिवस काका त्या एका शब्दासाठी अडून बसले. भिवाच्या आईला ‘आवशी’ म्हणतात, तिथे ‘मम्मा’ आलेलं होतं. ते कुणी थांबवलं? शब्द चुकला की तुम्ही फोटो फिरवता. बरोबर आला की तो आपोआपच आला, असं कसं काय वाटतं तुम्हाला?

मी काकांना म्हटलं होतं, “जाऊन सांगा ना त्यांना! तुम्ही गप्प का?” घाटकोपर मेट्रोच्या जिन्याखाली उभे होतो, ते केळी घेत होते. म्हणाले, “नाव माझा लागला मरे. मगे गाळी पण माझ्योच.” मी चिडलो. म्हटलं, अहो, पण खोटं आहे ते! म्हणाले, “मी सांगूक गेलंय तर काय म्हणतले? म्हातारो आता आपली कातडी वाचवता. त्यापरीस मी त्येंका वाचून दाखवतंय. वाचलेला कळता माणसाक.”

म्हणून ती सभा बोलावली होती, मंडळी. स्वतःची बाजू मांडायला नाही. गाऱ्हाण्याचं प्रकरण मोठ्याने वाचायला. भिवा म्हणतो ना, आमचा काय चुकला असात तर पदरात घे, आणि तुझा काय चुकला असात तर आमका सांग, आम्ही पण पदरात घेव. ते वाक्य त्यांनी रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवलं. काकी म्हणाल्या, व्हय म्हाराजा. वॉचमन युपीतल्या बलियाचा. त्याला काय कळलं देव जाणे, पण तोही म्हणाला.

मी असं म्हणत नाही की तुम्ही त्यांना मारलंत. डॉक्टर म्हणाले हार्ट, म्हणजे हार्ट. दुपारी जेवून आडवे झाले, उठले नाहीत. माणसं जातात. पण ‘गद्दार’ हा शब्द घेऊन गेले, तो कुणी दिला? ज्या माणसाने तुम्हाला गाऱ्हाणं म्हणजे काय हे शिकवलं, त्याच्याशी तुम्ही काय केलंत? तक्रार केलीत. त्या शब्दकोशवाल्याने जी चूक केली, तीच. त्याला निदान कोकण माहीत नव्हतं. तुमच्यातल्या अर्ध्यांची गावं मालवणात आहेत यार!

आणि वर ऐट काय? मिलिंद, तू लिहिलं होतंस आणि सगळ्यांनी खाली अंगठे दिले होते, “आम्ही तिमिरखाडीवर वाढलेली माणसं. डोळे मिटून ऐकलं तरी कोण आतला आणि कोण बाहेरचा, आमच्या कानांना कळतं.” पाठ आहे मला. असली वाक्यं मी विसरत नाही.

माझं मागणं साधं आहे. त्या ग्रुपवर आज काकांचा हारातला फोटो फिरतोय, ‘भावपूर्ण’ वगैरे लिहून. ते राहू दे. पण तो दुसरा फोटो ज्याने ज्याने पुढे पाठवला, त्याने आज काकींसमोर, स्नेहलसमोर येऊन तोंडाने सांगावं, चुकलो. मोबाईलवर नाही. अंगठा नाही. तोंडाने. मग चहा घ्या. नाहीतर चहा घेऊ नका, माझ्या पैशांचा आहे.

आता उभे राहू या. काकांसाठी थोडा वेळ शांत राहायचं आहे. मोबाईल बंद करा. उभ्याउभ्याच माझं शेवटचं ऐका, म्हणजे गप्प राहणं सोपं जाईल.

त्या मालिकेत एक म्हातारा होडीवाला आहे. भिवाला पलीकडे सोडतो, चार वाक्यं बोलतो. त्याच्यावर तुम्ही सगळे खूश होता. कुणीतरी लिहिलं होतं, सगळ्या मालिकेत हाच एक आतला माणूस, धुरींनी याच्याकडे शिकवणी लावावी. पडद्यावर दिसतो तो नट पाटण्याचा. मराठी आवाज द्यायला यायचे होते त्या गृहस्थांना त्या दिवशी ताप होता. म्हणून माईकसमोर धुरीकाका उभे राहिले.