एकच दाखला, सोळा वेळा

थोरला भाऊ अण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. तेरावं उरकून त्याच्या बंगळूरच्या पीण्या भागातल्या वर्कशॉपमध्ये गेलो, तर गिअर भरलेली लॉरी तपासणीच्या दाखल्यासाठी अडलेली. दाखला निघायचा फक्त अण्णाच्या जुन्या डॉस प्रोग्रॅममधून, आणि त्याचं नव्या नेटवर्क प्रिंटरशी पटत नव्हतं.

अण्णाची मुलगी मेघा व्हाइटफील्डला कंप्युटरचंच काम करते. तिला बोलावलं.

"काका, प्रिंटरचा पत्ता बदललाय. स्वल्प थांबा."

तिने पत्ता दुरुस्त करताच प्रिंटर आपणहून सुरू झाला. हवा होता तोच दाखला निघाला. मग पुन्हा तोच, पुन्हा तोच.

"हे काय गं?"

"बाबांनी शेवटच्या दिवशी दिलेले प्रिंट. छापेना म्हणून दाबत राहिले असणार."

"लिफ्टचं बटणही हे असंच दाबायचे," वहिनी म्हणाल्या. "वर त्या लिफ्टलाच शिव्या."

सोळाव्या प्रतीला कागद संपला. एक घेऊन लॉरी गेली.

"अजून तेवीस रांगेत आहेत. रद्द करू?" मेघाने विचारलं.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या.

प्रिंटरमध्ये अजून कोणी कागद घातलेला नाही.