काचेखालचा डाग

सरदारांची हवेली सरकारनं जतन केल्यापासून बुटांवर कापडी पिशव्या चढवूनच आत जावं लागे. त्या वाटणाऱ्या पहारेकऱ्याच्या कानावर रांगेतल्या म्हाताऱ्या बहीणभावाचं बोलणं पडलं.

"ताई, इस्त्रीच्या खोलीत नको जाऊया."

"का रे? आई तिथंच तर सरदारांच्या कपड्यांना इस्त्री करायची."

"लाकडी जमिनीवरचा तो जळका डाग आता काचेखाली ठेवलाय. पाटीवर लिहिलंय, सरदारांचा चिरूट पडला होता."

"चिरूट? चांगला इस्त्रीएवढा डाग आहे! त्याच्यापायी आईची नोकरी गेली, माझी शाळा सुटली. एवढी कशी वेंधळी होती कोण जाणे."

"नव्हती वेंधळी. ती पाणी आणायला गेली होती. इस्त्री मी उचलली."

"तू?"

"तिनं आळ स्वतःवर घेतला. मला म्हणाली, ताईला सांगू नकोस, ती जन्मभर तुझ्यावर राग धरेल."

"तो मी तिच्यावर धरला रे. ती जाईपर्यंत."

रांग पुढे सरकली. म्हातारीनं पिशव्या घेतल्या.

"दादा, त्या डागाला हात लावू देतात का हो?"

"नाही, आजी," पहारेकरी रोजच्यासारखा म्हणाला. "फार जपलाय तो."