पोस्टातली सुट्टी

पार्सल मांडीवर घेऊन पोस्टात बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. बाकावर एक आजोबा होते आणि त्यांच्या दोन चिमुरड्या नाती.

“आजोबा, आपला नंबर आला!”

“येऊ दे. त्या टोपीवाल्यांना आधी जाऊ दे.”

“तुम्ही सगळ्यांनाच पुढे सोडताय.”

“मग काय करू? घरी पत्रा तापलाय. तुमची आई कामावरून चारला सुटणार. इथं पंखा आहे, गार पाणी आहे. बरं ओळखा, टोपीवाले कशाला आले असतील?”

“तिकिटं घ्यायला!”

“पार्सल पाठवायला!”

शिंपीणबाईंनी मनातल्या मनात तिकिटांनाच कौल दिला. तेवढ्यात खिडकीतून मॅडमची हाक आली.

“ओ आजोबा, आज चौथा दिवस. तुमचं काम तरी काय आहे?”

दोघी नाती आजोबांना चिकटल्या.

“काम असं काही नाही, मॅडम. पोरींना शाळेची सुट्टी आहे. उठतो आम्ही.”

“उठा कुठं म्हटलं मी? फक्त टोकन घेत जाऊ नका, माझे नंबर चुकतात. आणि उद्या शनिवार आहे, एक वाजता बंद होतं. जरा लवकर या.”