मार्चचा बॅकअप

संगणकाने माणसाच्या स्मरणशक्तीवरचा भार कायमचा उतरवला आहे. महाडच्या एसटी स्टँडवर पोलादपूरच्या लग्नाला निघालेलं एक जोडपं शेजारी येऊन बसेपर्यंत माझा यावर विश्वास होता.

“अहो, पोलादपूरवाल्यांनी आपल्या करुणाच्या लग्नात आहेर किती केला होता? पाकिटात त्याहून कमी गेलं तर नाक कापलं जाईल.”

“हिशेबाचं सॉफ्टवेअर बिघडलं होतं. परवा बॅकअप टाकून चालू केलं, पण आज बघतो तर तो बॅकअप निघाला मार्चचा. करुणाचं लग्न मेमध्ये.”

“म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी पोरगी अजून बिनलग्नाची?”

“नोंदीप्रमाणे, हो.”

“जावयाला कळवा तसं. आणि आहेराची वही?”

“सॉफ्टवेअर चालू झालं, म्हणून काल रद्दीत घातली.”

“किती आले?”

“दीड रुपया. तो नोंदवलाय.”