मान हलवणाऱ्याला कोणी मारत नाही

नाही, नाही ओळखणार तू शेवट — लाव पैज, जिंकलास तर समोरची कॉफी माझ्याकडनं. काय म्हणतोस, पोराला कॉलेजातनं काढलं? ते तर झालंच, तो शेवट नव्हे. बापानं मारलं? मारलं, माझ्याच लेकानं, पट्ट्यानं, दोन दात पाडले — तोही नव्हे. पोलिसांनी नेलं? नेलं. पुढं? बस नीट, तो सुजलेला पाय वर घे. तू पुण्याकडचा, देवळाच्या पायरीवर घसरलास, तुझा एक्सरे यायला वेळ आहे. आणि ह्या आस्पत्रीत माझी मराठी कळणारा तू एकटाच, म्हणून तुला सांगतो.

शर्टावरचं हे रक्त? माझं नव्हे, नातवाचंही नव्हे. नातू माझा भरद्वाज — राजवाड्यामागच्या गल्लीत घर आमचं, पिढ्यांमागं मराठी राजाबरोबर ह्या तमिळ मुलखात आलेली माणसं आम्ही — बारावीपर्यंत तमिळ शाळा, गणितात वाघ. कॉलेजात गेला, सगळं इंग्लिश, वाघाची शेळी. कॉलेज तसं बरं, हां — शाळेतनं आलेल्या पोरांना धाप लागते म्हणून संध्याकाळची जादा शिकवणी ठेवलेली, वरच्या वर्गातला एकेक पोरगा धाकट्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत समजावतो. फुकट. तर आमच्याला कोण दिला? पाटण्याचा पोरगा. हिंदीत शिकवणारा. का? तर ऑफिसातली बाई वेडी — घरची भाषा मराठी म्हटलं, तिनं ढकलला उत्तरेच्या पोरांत. आमच्या घरात हिंदी कुणाच्या बापाला येते? आमची मराठीच तुला अर्धी कळतेय, तोंड बघ तुझं.

घरी येऊन रडायला लागला — आजा, काही कळत नाही, मला तमिळ पोरांत बदलून दे. मी म्हटलं, थांब की, परीक्षेपर्यंत गंमत बघू. शिकवणाऱ्याला कळलं नाही असं म्हणायचं नाही, आपल्या घरची रीत ती. मान हलव. मान हलवणाऱ्याला कोणी मारत नाही. आणि बदलायचं म्हणजे त्या बाईकडं जायचं, ती म्हणणार, ताता — आजोबा म्हणजे — तुम्हीच तर छातीवर हात ठेवून सांगितलंत, हिंदी नातवाला पाण्यासारखी येते — हां, म्हटलं होतं जरा. चेष्टेत. राजाच्या गावचा म्हातारा, बाईसमोर थोडी मिशी पिळायला नको? तू ते सोड.

तर हा हलवतोय मान. आणि तो पाटण्याचा खुळा — बाकीची पोरं गेली तरी ह्याला घेऊन बसायचा, चित्रं काढून दाखवायचा, स्वतःच्या ताटातला डोसा मोडून द्यायचा. परीक्षा झाली. भरद्वाजानं कोरा पेपर दिला. मास्तरांनी त्या पोराला सगळ्यांदेखत झापला — हेच शिकवलंस काय. तो आला तो पेटूनच — धरली ह्याची गचांडी, डोकं आपटलं भिंतीवर, परत आपटलं, ओरडतोय हिंदीत, काहीतरी विचारतोय बहुतेक, आणि आमचा — मान हलवतोय. नाक फुटलंय, मान हलवतोय. त्याला वाटलं, टिंगल करतोय. आणखी हाणला. बघणारी पोरं हसायला लागली, दातांवरनं रक्त ओघळतंय आणि मान काही थांबत नाही म्हणून. तेव्हा आमच्याच्या हाताला ते लागलं — कंपासातलं, वर्तुळ काढायचं, टोकाचं. घातलं. वर, तोंडावरच. शेळीचा परत वाघ झाला म्हण — तू हसत का नाहीस?

त्या पाटण्याच्या पोराची आई निघालीय, रेल्वेगाडीत आहे अजून, पाटण्याहनं यायचं म्हणजे लांब. तोवर कोण बघणार? काल मी इडल्या घेऊन इथंच आत, त्याच्या खाटेपाशी गेलो. उठवून धरला, तेव्हा पट्टीतनं ओघळलं ते ह्या शर्टावर. माझा हात सोडेना. एकच विचारत होता, सारखं — आँख बच जाएगी ना, बाबा, बच जाएगी ना. मी काय, मान हलवली. तो हसला, मीही हसलो. शांत झाला बघ, दोन इडल्या खाल्ल्या. काय म्हणत होता रे तो? तुला येते ना हिंदी. सांग की. असा काय बघतोस, सांग.

…हं.

जा. तुझं नाव पुकारतायत. माझा खांदा सोड, भिंत धर आणि जा. डावा डोळा होता. आज सकाळी काढला.