मास्तरांची पालथी चिठ्ठी

आदरणीय अध्यक्ष, व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरील सर्व विभागप्रमुख, आज ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आमच्या मोजमाप विभागाचे मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू आणि समोरच्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला भाषण करता येत नाही, अहवाल लिहिता येतो. म्हणून सुरुवात अहवालाने करते.

१. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी पंपांचे छत्तीस शाफ्ट मोजमाप खोलीत यायचे होते.
२. पहिला सकाळीच आला. मास्तरांनी तो चार तास थंड होऊ दिला, मोजला, आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी शाफ्टशेजारी पालथी ठेवली. मग काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्यासाठी ते अर्धी सुट्टी घेऊन गेले.
३. उरलेले पस्तीस दुपारी धुलाईच्या गरम टाकीतून थेट आले. ट्रक खोळंबला होता. मी वीस मिनिटांत त्यांतले पाच मोजले आणि सगळे पास केले.
४. मास्तरांचा फोन आला. "चिठ्ठी उलटवलीस का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग तुला कळेलच," आणि डॉक्टरांनी आत बोलावलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.
५. मी चिठ्ठी उलटवली नव्हती.
६. अकरा दिवसांनी पस्तीसही शाफ्ट परत आले. कोमट असताना बरोबर वाटलेलं माप थंड झाल्यावर नऊ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे नऊ हजारांश, कमी भरलं. चौकशीच्या कागदावर 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात मास्तरांनी स्वतःचं नाव लिहिलं.

मघाशी एका वक्त्यांनी कौतुकाने सांगितलं, "चौतीस वर्षांत यांची फक्त एक चूक." ती एक चूक त्यांची नाही. माझी आहे. तसं लेखी पत्र मी काल साहेबांना दिलं आहे.

आता त्या चिठ्ठीविषयी. मास्तर महत्त्वाचं कुठलंही माप एकट्याने ठरवत नसत. आपला आकडा लिहून पालथा ठेवायचा, दुसऱ्याला तीच वस्तू मोजायला लावायची, मग चिठ्ठी उलटवायची. हा दुसरा माणूस कोण असावा याला त्यांच्याकडे नियम नव्हता. ग्राइंडिंगवाले दादा, गोदामातल्या मावशी, जो खोलीत येईल तो. मावशींना मायक्रोमीटर धरायला त्यांनीच शिकवलं. एकदा मावशींचा आकडा बरोबर निघाला आणि मास्तरांचा चुकला, तेव्हा मावशी पूर्ण आठवडा त्यांना विचारत होत्या, "काय मास्तर, आज मोजू का तुमच्याऐवजी?" आणि मास्तर हातातलं काम सोडून खरंच उठून जागा देत होते.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे पालथी चिठ्ठी ठेवली. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हे माझी परीक्षा घेत आहेत. माझ्याकडे पदवी होती आणि नवं मोजणी यंत्र चालवण्याचं प्रमाणपत्र होतं. महिनाभर मी सहन केलं, मग सांगितलं, "मास्तर, यंत्राला साक्षीदार लागत नाही." ते म्हणाले, "यंत्राला नाही गं, मला लागतो." मी ते ऐकलं आणि कानात हेडफोन घातले.

आमची खोली तुम्ही पाहिली आहे. खिडकी नाही. बारा महिने वीस अंश. दोन टेबलं, एकमेकांकडे पाठ केलेली. त्या खोलीत आम्ही दोघं साडेतीन वर्षं बसलो. दिवसाला सरासरी किती वाक्यं बोललो असू? मी मोजली नाहीत, पण दहाच्या वर जाणार नाहीत. दादा दारातून डोकावून म्हणायचे, "बाई, तुमचं यंत्र कधी 'मला माहीत नाही' म्हणतं का हो?" मी हसायचे नाही. संध्याकाळी खोलीवर जायचे, तिथेही कोणी नसे, तेव्हा दोन्हींत फरक वाटत नव्हता.

शाफ्ट परत आले त्या दिवशी मी चिठ्ठी उलटवली. मास्तरांचा आकडा अचूक होता, हव्या त्या मापापेक्षा नऊ मायक्रॉन कमी. मास्तर रागावतील म्हणून मी उभी राहिले. ते म्हणाले, "माझंही चुकलं. तोंडाने सांगायची गोष्ट मी कागदावर ठेवली." त्यानंतर प्रत्येक गरम वस्तू आली की ते मोठ्याने सांगायचे, "कोमट आहे गं." माझ्या चुकीतून ते शिकले. मी मात्र खोटं बोलल्याचं कबूल केलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्या निवृत्तीची नोटीस लागली, तेव्हा मी एकटीने चिठ्ठीची पद्धत करून पाहिली. जमत नाही. आपला आकडा आपल्याला आठवतो आणि हात त्याच आकड्यावर जाऊन थांबतो. मी मास्तरांना विचारलं, मी नाही म्हटल्यावर तुम्ही कसं करत होता? ते म्हणाले, "दुसरं कोणी आलं नाही तर सकाळी एकदा मोजायचो. मग आवारात फिरून यायचो, आकडा विसरेपर्यंत. मग पुन्हा मोजायचो." जेवणानंतरच्या त्या फेऱ्या साखरेसाठी आहेत असं आपण सगळे समजत होतो. काकू, तुम्हीही समजत होता ना? उन्हात, एकटे, ते आकडा विसरायला फिरत होते. कारण खोलीत दुसरं माणूस होतं आणि ते नाही म्हणालं होतं.

उद्यापासून ते दुसरं टेबल रिकामं आहे.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर तो माझ्या सवयीचा दोष समजून पोटात घालावा.

मास्तर, शेवटचं तुमच्यासाठी. त्या मंगळवारचा पहिला शाफ्ट मी जपून ठेवला आहे. काल सकाळपासून तो तुमच्या टेबलावर आहे, म्हणजे आता थंड आहे. शेजारी माझी चिठ्ठी आहे, पालथी. दर गुरुवारी तुम्हाला आत सोडण्याची परवानगी साहेबांनी दिली आहे. तुम्ही मोजायला येणार की नाही, ते कृपया येत्या मंगळवारपर्यंत कळवा. तोपर्यंत चिठ्ठीला कोणी हात लावणार नाही.