दियेपचा कोरा पेपर

(कान थो शहर. शाळेच्या फाटकासमोरची हू तिऊ शेवयांची टपरी. दुपार.)

बाबा : कोरा म्हणजे? एक अक्षरही नाही?

दियेप : नाव लिहिलं.

बाबा : नाव लिहिलं! वा! धक्क्यावर बोट तशीच टाकून आलोय मी. निम्मी भाताची पोती उतरायचीत, मालक शिव्या घालतोय. मला वाटलं, कुठे पडलीबिडलीस की काय.

दियेप : मी आमच्या वर्गाच्या कुक बाईंना म्हटलं होतं, बाबांना फोन करू नका.

बाबा : बाई भल्या, म्हणून तीन वाजता पुन्हा पेपरला बसू देतायत. खा आधी. शेवया गार झाल्या.

दियेप : नको.

बाबा : गणित येत नव्हतं का?

दियेप : येत होतं. सगळं येत होतं.

बाबा : मग?

दियेप : सगळ्यांच्या पेनांचा आवाज यायला लागला. करकर, करकर. माझा हातच हलेना. म्हटलं, आता हलेल, आता हलेल. तर घंटाच झाली.

बाबा : न्युंग शेजारी असते ना? तिला सांगायचं, बाईंना हाक मार म्हणून.

दियेप : न्युंग बोलत नाही आता.

बाबा : भांडलात?

दियेप : नाही. दर शनिवारी चाचणी असते. सोमवारी भिंतीवर क्रमांक लागतात. कधी ती सातवी, मी आठवी. कधी उलटं. वरच्या तुकडीत सातच जणी घेणार. कळलं तेव्हापासून ती लिहिताना हात आडवा धरते.

बाबा : आणि तू?

दियेप : मीपण.

बाबा : अगं, पहिलीपासून एका ताटात जेवायचात दोघी!

दियेप : आता मधल्या सुट्टीत ती जिन्यात बसते. मी वर्गात.

बाबा : बरं, जाऊ दे. इकडे बघ. ती समोरची मासेवाली तराजूत कुठला मासा टाकतेय? ओळख पाहू.

दियेप : पर्याय?

बाबा : कसले पर्याय?

दियेप : अ, ब, क, ड.

बाबा : हा हा! थट्टा करतेस होय बापाची?

दियेप : नाही.

बाबा : मरळ आहे ती, पोरी. आई मासे विकायची तेव्हा पाटीतून निसटलेली मरळ तूच धरून आणायचीस. नुसती शेपटी बघून नाव सांगायचीस.

दियेप : माहीत असतं मला. पण आधी वाटतं, चुकलं तर? मग काहीच आठवत नाही.

बाबा : शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की दुसरी. तिथलं तरी राहतं का डोक्यात?

दियेप : पेपर होईपर्यंत राहतं. मागे नद्यांच्या धड्यावर पैकीच्या पैकी मिळाले. परवा मावशी म्हणाली, तुझे बाबा सध्या कुठल्या नदीत आहेत गं? मला सांगता येईना.

बाबा : हाउ नदीत होतो.

दियेप : हो.

बाबा : फोनवर तर रोज म्हणतेस, सगळं छान चाललंय.

दियेप : तुम्ही विचारता, किती मिळाले. मी आकडा सांगते. तुम्ही म्हणता शाब्बास, नाहीतर म्हणता अजून जोर लाव. मग ठेवता.

बाबा : इंजिनाच्या आवाजात लांबड लावता येत नाही गं.

दियेप : आज आकडाच नाही. आज काय विचारलं असतं?

बाबा : थोड्या शेवया खाऊन घे आधी.

दियेप : सांगा ना, बाबा.

बाबा : मला सुचत नाहीये, दियेप.

दियेप : तीन वाजत आले. जाते मी. बसते पेपरला.

बाबा : थांब. हात दे इकडे. केवढा गार पडलाय! बस खाली. बाईंशी मी बोलतो.

दियेप : वरची तुकडी जाईल.

बाबा : जाईल.

दियेप : आईला काय सांगायचं? शिकवणीच्या फीसाठीच सायगावला कामाला राहते ती.

बाबा : मी सांगेन. रागावली तर माझ्यावर रागावू दे. तू चल बोटीवर. पोती उतरेपर्यंत झोप हवं तर.

दियेप : आणि उद्या तुम्ही जाणार.

बाबा : पहाटेच.

दियेप : मग फोनवर काय बोलायचं?

बाबा : काहीही सांग. जेवणात काय होतं, कोण काय बोललं...

दियेप : मला काहीच नाही सुचलं तर?

बाबा : तर दोघंही गप्प बसू. पण फोन ठेवायचा नाही.